काळी आली तर कळव

९ मार्च

प्रिय धाकटीस,

काळी आली.

एवढं लिहून पाकीट बंद करावं असा विचार होता. तुला समजलं असतं. पण एका ओळीच्या पत्राने माणूस घाबरतो, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या एप्रिलात आपण फोनवर बोललो, त्यानंतर तुझी-माझी ही पहिलीच गाठ. मी म्हणालो, "ताई गेली." तू म्हणालीस, "बरं." आणि फोन ठेवलास. मला त्याचा राग नाही. मीही त्या दिवशी डॉक्टरांना "थँक यू" म्हणून बाहेर आलो होतो.

तर मोहरीविषयी. तू पाठवलेलं पुडकं आम्हाला मिळालं होतं, हेही तुला कुणी कळवलेलं नाही. आत चिठ्ठी नव्हती, नुसतं काळं बी आणि वर तुझ्या हातची नावाची पट्टी. ताईने ती पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली आणि म्हणाली, "अक्षर अजून कोंबडीचे पायच." मग पुडकं फ्रीजमध्ये ठेवलं.  पण हंगाम आला तेव्हा ते बी तिने पेरलं, आणि फुलोऱ्याच्या वेळी आपल्या लाडक्या पिवळीच्या कळ्या चिमट्याने उघडल्या, आतले पुंकेसर काढले आणि तुझ्या काळीचे पराग लावले. आई तिची, बाप तुझा. तिची पिवळी तेलाला चांगली पण पांढऱ्या तांबेऱ्याला बळी पडणारी, आणि तुझी काळी कुठल्याच रोगाला भीक न घालणारी. दोन्हींचं चांगलं एका झाडात यावं, हा तिचा जुना हट्ट तुला माहीत आहेच.

पुढचं तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. पण मी तेलाच्या प्रयोगशाळेतला माणूस, मला लिहून काढल्याशिवाय समजत नाही. बियांचं साल हा आईचा भाग असतो. बाप कुणीही असो, साल आईच्या रंगाचं. त्यामुळे त्या शेंगांत बी पिवळंच भरलं आणि त्यावरून संकर जमला की फसला, काहीच कळेना. कळी उघडायला जरा उशीर झाला असेल, तर पिवळीने स्वतःच्याच परागावर काम भागवलेलं असू शकतं. खरं काय ते पुढच्या पेऱ्यातच कळणार. ते बी पेरायचं, त्या रोपांना शेंगा येऊ द्यायच्या. पिवळ्या बिया आल्या तर बाप आलाच नव्हता. काळ्या आल्या तर आला.

हॉस्पिटलात ताई मला म्हणाली, "काळी आली तर धाकटीला कळव. पिवळी आली तर गप्प बस."

ऑक्टोबरात खुरपणीच्या बायकांनी ते बी पेरलं आणि परवा मळणी झाली. आमच्या संशोधन संस्थेचा स्टोअरकीपर नवा आहे, याआधी तो कुठल्याशा कचेरीत खुर्च्या-टेबलांच्या नोंदी ठेवायचा. तो पिशवी घेऊन माझ्या दारात आला, तोंड पाडून. म्हणाला, "साहेब, कसं सांगू कळत नाही. बाईंचा पिवळीचा प्रयोग वाया गेला. सगळी काळी निघाली."

मी पिशवीत हात घातला. एकूण एक दाणा काळा.

मी हसायला लागलो. मोठ्याने. तो बिचारा दोन पावलं मागे सरला. मी त्याला बसवून सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे वाया गेलं, हेच चांगलं?" मी म्हणालो, "असंच समजा." संध्याकाळपर्यंत संस्थेत पसरलं होतं की तेलवाल्या साहेबांना दुःखाने भ्रम झाला.

कळवायचं होतं ते कळवलं.

तुझा,
भावोजी


११ एप्रिल

प्रिय धाकटीस,

तुझं कार्ड पोचलं. "कळलं. रंग किती गडद? तांबेरा होता का?" एवढाच मजकूर, पण मी तो पुनःपुन्हा वाचला. अक्षर खरोखर कोंबडीचे पाय आहे. 'गडद'चा मी आधी 'गाढव' वाचला आणि म्हटलं, असो, हक्क आहे तिचा.

उत्तर: रंग तुझ्या काळीइतका गडद नाही, विटकरीकडे झुकणारा. तांबेरा यंदा कुणावरच नव्हता, त्यामुळे परीक्षा झाली नाही.

परवा वर्ष झालं. मी रजा घेतली नाही. दिवसभर सालांची पूड करून त्यांना काळं करणारं टॅनिन मोजत बसलो. काळ्या सालात भरपूर, पिवळ्यात जवळजवळ नाही. हे मला तीस वर्षं माहीत आहे, तरी मोजलं. पिवळीचं साल पातळ, म्हणून दाण्यात तेलाला जागा जास्त, आणि पेंडही जनावरं आवडीने खातात. ताई म्हणायची, "जाड कोट घातला की माणूस आतून रोडच राहतो." ती हे मोहरीबद्दल म्हणायची की माझ्याबद्दल, ते मी कधी विचारलं नाही.

घर आवरतो आहे. तिच्या साड्या तिच्या मैत्रिणींनी नेल्या, पुस्तकं संस्थेच्या वाचनालयाला दिली. गमबूट मात्र राहिलेत. ते संस्थेचे आहेत. स्टोअरकीपर भेटला की हळूच विचारतो, "साहेब, बाईंचे गमबूट तेवढे जमा व्हायचेत." मी म्हणतो, "बघतो." ते दाराशी आहेत तसेच आहेत. डाव्याच्या टाचेला अजून वाफ्यातली माती आहे.

एक आठवलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो, तेव्हा तुम्ही दोघी एका चपलेवरून भांडत होता. दोघींचं माप एकच आणि चांगली चप्पल एक. मी नवा जावई ओसरीवर उभा, आणि आत "माझी आहे!" "पाय दाखव!" चाललेलं. तुमची आई मला म्हणाली, "बसा, हे संपायचं नाही."

ऑक्टोबरात ही काळी पेरतो. खरी गंमत तिच्या रोपांत. बी काळं करणाऱ्या जनुकांच्या दोन जोड्या आहेत म्हणे, घरात दोन स्वयंपाकी असावेत तशा. एक आजारी पडला तरी जेवण होतंच. दोघेही आडवे झाले तरच चूल बंद, म्हणजे पिवळी. सोळांत एखादंच झाड. तू म्हणशील, भावोजी शिकले. काय करणार, शिकवणारी गेली.

तुझा,
भावोजी


२३ नोव्हेंबर

प्रिय धाकटीस,

तुझं दोन पानी पत्र आलं. त्यातलं पावणेदोन पान पेरणीच्या ओळींमधल्या अंतराविषयी आहे आणि शेवटी "जेवता ना वेळेवर?" अशी एक ओळ. अंतर तू सांगितलंस तसंच ठेवलं. जेवतो.

पेरणीला मी स्वतः उतरलो. तीस वर्षं माझ्याकडे मोहरी यायची ती वाळलेली, कागदी पाकिटात, वर नंबर टाकून. जमिनीतून वर येताना ती मी पाहिलीच नव्हती. पहिल्या दिवशी मी बुटांना माती लागू नये म्हणून वाफ्याच्या कडेकडेने चालत होतो. खुरपणीच्या मावशी म्हणाल्या, "साहेब, कडेच्या ओळीवर तुम्ही चालताय आणि तुडवली जातेय आमची मेथड!" 'मेथड' हा शब्द ताईने त्यांना दिलेला आहे, हे लगेच कळलं. बायका हसल्या. मीही हसलो.

तांबेरा आला आहे. ताईच्या जुन्या पिवळीच्या पानांखाली पांढरे फोड दिसायला लागले. लोक हळहळतात आणि मी खूश. यंदा परीक्षा होणार. आपल्या वाफ्यातली बरीचशी रोपं स्वच्छ आहेत. तुझ्या काळीचा गुण.

एक गोष्ट सांगायची राहिली होती. मार्चअखेर मी निवृत्त होतो. वाफा ताईच्या नावावर होता, तो माझ्या शब्दाखातर या हंगामापुरता दिलाय. पुढे बी थंड कोठीत जाईल. नंबर पडेल आणि राहील. कोठीत गेलेलं बी कुणी मागितल्याशिवाय बाहेर येत नाही आणि मागायला कुणाला तरी ते माहीत असावं लागतं.

मला निवड येत नाही. कोणतं झाड ठेवायचं, कोणतं उपटायचं, हे ताई नुसती ओळीतून चालत ठरवायची. तसा डोळा मला ठाऊक असलेल्या आणखी एकाच माणसाला आहे.

बघ, जमलं तर.

तुझा,
भावोजी


१९ जानेवारी

प्रिय धाकटीस,

पिवळी! पिवळी आली! आणि एकदोन नाही, ढिगाने!

आज सकाळी राहवलं नाही म्हणून एका झाडाची शेंग उघडली. पिवळट दाणे. शेजारच्या झाडाची उघडली, तीही तशीच. मग मी ओळीच्या ओळ चालत गेलो. सगळी हिरवट पिवळी, काळा दाणा औषधालाही नाही! सोळांत एक कुठलं, सोळांत सोळा! जनुकांचं गणित कुठे चुकलं ते तू बघ, मला आज गणिताशी देणंघेणं नाही. स्टोअरकीपरला मिठी मारली. त्याला वाटलं गमबूट मिळणार.

घाईत लिहितो, पोस्ट बंद व्हायच्या आत टाकायचं आहे.

भावोजी


६ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,

फोनवर तू इतकी हसलीस की मी रिसीव्हर कानापासून लांब धरला. खरं सांगू, ते हसू ऐकायला मिळालं म्हणून मूर्खपणा केल्याचं वाईट वाटलं नाही. ताई हसायची तेव्हाही शेवटी तसाच खोकला यायचा.

"भावोजी, सगळीच मोहरी लहानपणी तशी असते!" तुझं हे वाक्य मी प्रयोगशाळेत सगळ्यांना सांगितलं. मी टॅनिनवर आयुष्य घालवलेला माणूस. टॅनिन आधी रंगहीन असतं आणि दाणा पिकताना हवेने काळवंडतं, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून दाखवलेलं आहे. पण हिरवी शेंग कधी उघडली नव्हती, त्यामुळे फळ्यावरचं ज्ञान फळ्यावरच राहिलं. खुरपणीच्या मावशींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई असत्या तर तुम्हाला वाफ्यात उभं केलं असतं, बुजगावणं म्हणून. पाखरं तरी गेली असती."

तू म्हणालीस, "पिकायची वाट कशाला बघता? परीक्षा तुमच्याच हातात आहे ना?" म्हणालीस ते बरोबर. रंग दिसण्याआधीच टॅनिन पकडता येतं. सालाला व्हॅनिलिन आणि आम्ल लावलं की टॅनिन असेल तिथे लाल चढतं. मग प्रत्येक झाडाची एकेक शेंग आणली, झाडाला आणि ताटलीच्या खळग्याला सारखे नंबर दिले आणि बसलो.

व्हॅनिलिनला वास आइस्क्रीमचा येतो, हे तुला माहीत आहे. इमारतभर सुटला. हिशेब विभागातले दोघे "कुणाचा वाढदिवस?" म्हणत आत डोकावले आणि लाल ठिपके बघून निघून गेले.

लाल. लाल. लाल. पहिली ताटली सगळी लाल. दुसरीत एक खळगा राहिला. वाटलं, थेंब टाकायचा विसरलो. पुन्हा टाकला. तसाच. त्याच झाडाची दुसरी शेंग आणून टाकला. तसाच, साध्या पाण्यासारखा.

मग अशी आणखी निघाली. गणित चुकलेलं नाही, सोळांत एकाच्या आसपासच आहेत. त्या नंबरांची झाडं पाहून आलो. काहींच्या पानांवर तांबेरा आहे, काही स्वच्छ. ओळीच्या टोकाला, पाण्याच्या नळाजवळ एक आहे, ते तर इतकं टवटवीत की मला निवड येत नाही तरी मी तिथेच थांबलो. त्याची शेंग मी तपासणीपुरती तेवढी घेतली, बाकी हात लावलेला नाही.

आता फोनवरच्या दुसऱ्या गोष्टीचं. मी म्हणालो, ये. तू म्हणालीस, "कशी येऊ? पाहुणी म्हणून?"

 फोनवर मला काहीच येत नाही. उत्तर इथे लिहितो.

तुमची आई गेली तेव्हा तू दुसऱ्या दिवशी पोचलीस आणि ताई सगळ्यांसमोर म्हणाली, "पाहुण्यांना चहा द्या." तू कप तसाच ठेवून निघून गेलीस. तुला वाटतं तेवढ्यावर ते संपलं. तू गेल्यावर घरातल्या कुणीतरी तो कप उचलायला हात पुढे केला, तर ताईने त्याला हटकलं. कपावर बशी झाकून ठेवली. संध्याकाळपर्यंत तो तिथेच होता. दर वेळी फाटक वाजलं की ती त्या दिशेने बघायची. अंधार पडल्यावर तो गार चहा तिने स्वतः प्यायला आणि कप धुऊन ठेवला. मी समोर बसलो होतो.  

तिने तुला बाप करून घेतलं, म्हणजे तुझ्या मोहरीला. जिच्याशी संबंध संपले, तिचे पराग कुणी आपल्या लाडक्या झाडाला लावत नाही. मला लेखकासारखं सांगता येत नाही, पण मला ते असं दिसतं.

दाणे महिनाअखेर पिकतील.

तुझा,
भावोजी


२७ फेब्रुवारी, सकाळ

प्रिय धाकटीस,

या पत्राला पाकीट नाही. टेबलावर, साखरेच्या डब्याखाली ठेवतो आहे. तू झोपली आहेस. इतका लांबचा प्रवास झाला, तुला उठवावंसं वाटत नाही.

काल स्टेशनवर तू मला ओळखलं नाहीस, म्हणालीस, "भावोजी, तुम्ही काळे झालात." वाफ्यात उभं राहून झालो. स्टोअरकीपर ओझं घ्यायला आला होता, त्याने तुला पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, चालणं तर हुबेहूब बाईंचं!" मी म्हणालो, साल एकाच आईचं आहे. त्याने मान डोलावली. वर्षभरात तोही तयार झालाय.

रात्री तू ताईच्या फोटोसमोर उभी राहिलीस आणि एवढंच म्हणालीस, "हिने केस कापले होते?" मग विषय बदललास आणि मार्चनंतर बी कुठे न्यायचं, किती तुझ्याकडे, किती इथल्या कोठीत, कागदपत्रं कोण करणार, हे सगळं भराभर ठरवून टाकलंस. मी 'हो, हो' करत होतो. कित्येक दिवसांनी या घरात कुणी मला हुकूम सोडत होतं. झोप छान लागली.

आता कामाचं.

मी वाफ्यावर पुढे जातो. मावशींना लवकर बोलावलंय. पाखरं उन्हाआधीच येतात. नळाजवळच्या झाडाच्या शेंगा वाळून पिवळ्या झाल्या आहेत, आत काय आहे ते परीक्षेने सांगितलंय, पण पिकलेला दाणा अजून कुणी पाहिलेला नाही. मी काल संध्याकाळी जाऊन नुसता बघून आलो. ती शेंग तू उघड. मी शेजारी उभा राहीन आणि या वेळी तू सांगितल्याशिवाय कुणाला मिठी मारणार नाही.

चहाचं सामान ओट्यावर आहे. करून ठेवलेला नाही, तो पाहुण्यांसाठी करून ठेवतात. तुझा तू करून घे. कप कुठे असतात ते शोध, सापडतील. मलाही थर्मासमध्ये घेऊन ये, साखर कमी.

बाहेर दव फार आहे, चपला भिजतील. दाराशी गमबूट आहेत, ते घाल. माप बघायची गरज नाही.

स्टोअरकीपर काल जाता जाता त्यांच्याकडे बघत होता. मी त्याला म्हणालो, नोंदीत लिहून टाका, जमा होणार नाहीत, वापरात आहेत.

दार नुसतं ओढून घे.

भावोजी